छत्री बाहेर काढायच्या दिवसांत फ्लूची लस

मे सरत आला की पुण्याच्या बोहरी आळीत निळ्या ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या दुकानांबाहेर येतात. कुणी गच्चीच्या भेगा बुजवून घेतं, कुणी काडी मोडलेली छत्री दुरुस्तीला टाकतं, शाळेच्या यादीत वह्यांच्या खालोखाल रेनकोट असतो. पावसाची एवढी तयारी करणाऱ्या या शहराला फ्लूची लस मात्र आठवते ती ऑगस्टमध्ये, पेपरात रुग्णांचे आकडे यायला लागले की. नाहीतर थेट दिवाळीनंतर, ‘आता थंडी पडेल’ म्हणून. पुण्यासाठी या दोन्ही वेळा चुकलेल्या आहेत. इथे ही लस घ्यायची ती मे महिन्यात. आणि हे ज्याने त्याने आपापलं बघावं इतकं साधं नाही. पालिकेचे दवाखाने, शाळा आणि कंपन्या आपलं वेळापत्रक पावसाप्रमाणे लावणार की नाही, यावर बरंच काही ठरतं.

थंडी आणि फ्लू ही जोडगोळी युरोप-अमेरिकेतली. तिथून ती पाठ्यपुस्तकांत आली आणि आपल्या डोक्यात बसली. भारतात ती लागू पडते श्रीनगरला, जिथे फ्लूचं शिखर जानेवारी ते मार्चमध्ये येतं. पुण्यात मोठी लाट जुलै ते सप्टेंबरची, आणि दुसरी, बहुतेक वर्षी लहान, जानेवारी ते मार्चची. देशभरच्या शहरांतले नमुने तपासून हे चित्र मांडण्यात पुढाकार होता तो पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा, म्हणजे आंबेडकर रस्त्यावरच्या एनआयव्हीचा. तिथल्या शास्त्रज्ञांचा निष्कर्षही स्पष्ट होता: श्रीनगरने लस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्यावी, बाकी बहुतेक शहरांनी एप्रिल-मेमध्ये. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पावसाळाच का, याचं उत्तर शहरातच दिसतं. जूनच्या मध्याला शाळा सुरू होतात आणि दोन महिने आपापल्या घरी असलेली मुलं एका बाकावर तिघं अशी बसतात. पालख्या येतात. पीएमपीच्या गाडीत पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेतात आणि स्वारगेट ते हडपसर साठ-सत्तर माणसं एकमेकांची हवा घेत जातात. नदीपात्रातल्या मांडवांत ढोल-ताशा पथकांचा सराव जोरात असतो, आणि तिथला पाण्याचा जार व त्यावरचा एकच पेला बघितला की गणपतीपर्यंत काय होणार याचा अंदाज येतो. फ्लूचा विषाणू खोकल्या-शिंकेतल्या थेंबांतून साधारण सहा फुटांच्या आत पोहोचतो, बंद खोलीत बारीक कणांतून त्याहून लांब. स्टीलच्या दांड्यावर, दरवाजाच्या कडीवर तो एक-दोन दिवस टिकू शकतो. आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो वाटायला लागतो. ‘आजारी दिसतोय त्याच्यापासून लांब राहू’ हा हिशेब म्हणूनच चुकतो.

२००९ पुणेकर विसरलेले नाहीत. स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. नायडू रुग्णालयाबाहेर तोंडाला रुमाल बांधलेल्यांच्या रांगा लागल्या, मास्क बाजारातून गायब झाले, शाळा आणि थिएटरं बंद झाली. प्लेगच्या साथीत, १८९७ मध्ये केलेला कायदा पुन्हा काढावा लागला. तो विषाणू नवा होता आणि नवा विषाणू हंगाम बघून येत नाही, हे मान्य. पण तोच स्वाइन फ्लूचा विषाणू, एच१एन१, आता दरवर्षीच्या पाहुण्यांपैकी एक झाला आहे. त्याची लस आहे, औषध आहे, तरी आपली रीत २००९ चीच: आधी घबराट, मग रांग, मग विस्मरण.

आता लसीच्या खोक्याकडे बघू, कारण गोंधळ तिथेच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना लसीत कोणते विषाणू घालायचे हे वर्षातून दोनदा ठरवते. फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. ठरवल्यापासून कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून लस बाजारात यायला सहाएक महिने लागतात. म्हणजे उत्तरेची लस पावसाळा सरताना येते आणि दक्षिणेची उन्हाळ्याच्या तोंडाशी. पुणे नकाशावर उत्तर गोलार्धात असलं तरी आपल्या पावसाळी लाटेला वेळेवर गाठते ती दक्षिणेची लस. खोक्यावर २०२५-२६ असं जोडवर्ष दिसलं तर ती उत्तरेची. एकच वर्ष छापलेलं असेल तर दक्षिणेची. मे महिन्यात डॉक्टरांकडे गेलात तर हे वर्ष आणि मुदत दोन्ही वाचून घ्या, कारण गेल्या हंगामातल्या उरलेल्या लसींची मुदत याच सुमारास संपत आलेली असते. ‘चारवाली की तीनवाली’, म्हणजे चार विषाणूंची लस की तीन, हाही प्रश्न हमखास विचारला जातो. चौथा घटक होता बी-यामागाता, फ्लूच्या विषाणूचाच एक प्रकार. मार्च २०२० नंतर तो जगात कुठे खात्रीने सापडलेला नाही, त्यामुळे तीन घटकांची लस घेऊन काही गमावत नाही.

तारखांचा हिशेब उलटा मांडला की मे महिनाच का, ते कळतं. शाळा १५ जूनला सुरू होते असं धरू. लस टोचल्यापासून विषाणूला अडवणारी पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणजे १ जूनपर्यंत लस झालेली हवी. सहा महिने ते आठ वर्षांच्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदाच ही लस मिळत असेल तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणजे पहिला डोस मेच्या पहिल्या आठवड्यात. नेमकं तेव्हा अर्धं पुणे गावी किंवा कोकणात असतं. मग ‘आल्यावर बघू’ होतं, आल्यावर पुस्तकं-युनिफॉर्म होतात, आणि पहिला डोस जुलैत पडतो, जेव्हा वर्गातली चार मुलं आधीच खोकत असतात. गावी जायच्या आधी पहिला, आल्यावर दुसरा, असं बसवलं तर जमतं. पुढच्या वर्षांपासून एकच डोस पुरतो.

दरवर्षी का, याची दोन कारणं. फ्लूच्या विषाणूचा आराखडा आरएनएच्या आठ तुकड्यांत असतो आणि त्याची नक्कल करताना तो सतत बारीक चुका करतो. त्या चुकांनी त्याचं बाहेरचं रूप बदलत जातं आणि मागच्या वर्षीची प्रतिपिंडं त्याला नीट ओळखत नाहीत. दुसरं म्हणजे लसीचं संरक्षण सहा-आठ महिन्यांत ओसरू लागतं. इथेच एक रास्त आक्षेप येतो: मग जानेवारी-मार्चच्या लाटेचं काय? २०१५ मध्ये देशात स्वाइन फ्लूचे ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू नोंदले गेले, आणि त्यातला मोठा भाग वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतला होता. २०२३ मध्ये एच३एन२ या फ्लूच्याच दुसऱ्या प्रकाराचा जोरही फेब्रुवारी-मार्चचाच. आक्षेप खरा आहे. पण एकच डोस परवडत असेल तर तो दरवर्षी हमखास येणाऱ्या लाटेच्या आधी घ्यावा, आणि मेमधल्या लसीचं काही बळ फेब्रुवारीतही शिल्लक असतं. मे चुकलाच तर जुलैतही घ्या. उशिराची लस न घेतलेल्या लसीपेक्षा बरीच.

‘लस घेतली आणि तरी सर्दी-ताप झालाच’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते. लसीतले विषाणू त्या हंगामातल्या विषाणूंशी नीट जुळले त्या वर्षी ही लस डॉक्टरकडे जावं लागेल इतका फ्लू साधारण ४० ते ६० टक्के टाळते. जुळणी हुकली तर कमी. शिवाय पावसाळ्यातल्या तापांत ऱ्हायनो, अ‍ॅडिनो, आरएसव्ही असे अनेक विषाणू असतात, त्यांच्याशी या लसीचा संबंध नाही. टोचायच्या लसीतला विषाणू मारलेला असतो, त्यामुळे लसीनेच फ्लू झाला असं होत नाही. दंड दुखतो, एखादा दिवस कणकण येते, एवढंच. लसीला कवच समजलं तर निराशा होणारच. तिचं काम हेल्मेटसारखं आहे, आणि हेल्मेटबद्दल पुणेकरांचं मत काय आहे हे आम्ही इथे काढत नाही.

एक बारीक गोष्ट, जिच्याकडे फार कमी जणांचं लक्ष असतं. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे आणि कधीही गोठता कामा नये. दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज जाणं पुण्याला नवं नाही. छोट्या दवाखान्यातल्या घरगुती फ्रिजचं दार त्या वेळी पाच-सहा वेळा उघडलं की आतलं तापमान चढतं. उलट चूकही तितकीच वाईट: फ्रीझरच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली किंवा औषधाच्या दुकानातून बर्फाच्या पिशवीत थेट गुंडाळून आणलेली सिरिंज गोठते. ती वितळल्यावर दिसायला नेहमीसारखीच दिसते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. दुकानातून लस आणायचीच असेल तर बर्फ आणि खोकं यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी ठेवा आणि रस्त्यात खरेदी काढू नका. फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का, हे डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?

खासगी दवाखान्यात एका डोसला साधारण दीड-दोन हजार पडतात. चौघांच्या घराला सहा-आठ हजार हा लहान आकडा नाही. सगळ्यांना जमणार नसेल तर क्रम असा लावावा: आधी आजी-आजोबा, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेली माणसं, गरोदर बाई आणि पाच वर्षांखालचं मूल. सहा महिन्यांपेक्षा लहान बाळाला ही लस देता येत नाही. त्याला संरक्षण मिळतं ते आईने गरोदरपणी घेतलेल्या लसीतून, आणि घरात त्याला सतत उचलून घेणाऱ्यांनी घेतलेल्या लसीतून. आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात फ्लू नाही. महाराष्ट्रात गरोदर माता, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण, आरोग्य कर्मचारी यांना सरकारी केंद्रांतून मोफत लस देण्याची सोय केली गेली, ही चांगली गोष्ट. पण मोफत लसीची कुपी जुलै उलटल्यावर केंद्रात पोहोचली तर तिचा निम्मा हंगाम वाहून गेलेला असतो. नालेसफाई जशी ३१ मेच्या आत करायची असते, निदान तसं ठरलेलं तरी असतं, तशी या साठ्यालाही तारीख हवी. आणि ती पाळली गेली का हे नालेसफाईइतक्याच खडसावून विचारलं गेलं पाहिजे.

आता औषध. इथेही घोळ वेळेचाच आहे. ‘अंगावर काढलं’ हे आपण कौतुकाने सांगतो. ताप अंगावर काढून ऑफिसला गेलो, परीक्षा दिली, आरतीला उभा राहिलो. धडधाकट माणसाचा फ्लू पाच-सात दिवसांत आपोआप जातो, खोकला दोन आठवडे रेंगाळतो, त्यामुळे ते बहुधा खपून जातं. पण वर सांगितलेल्या जोखमीच्या लोकांसाठी अंगावर काढण्याचे पहिले दोन दिवस हेच औषधाचे दिवस असतात. फ्लूवरचं औषध ऑसेल्टामिव्हिर विषाणूला मारत नाही. तयार झालेल्या नव्या विषाणूंना पेशीपासून सुटू देत नाही. विषाणूंची वाढ पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते, म्हणून औषध ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. दोन दिवस घरी, तिसऱ्या दिवशी डॉक्टर, चौथ्या दिवशी स्वॅब, पाचव्या दिवशी अहवाल, या क्रमात औषधाची वेळ टळून जाते. सरकारी मार्गदर्शक तत्त्वंही हेच सांगतात: सौम्य तापाला ना चाचणी, ना हे औषध, ताप आणि जोखीम दोन्ही असतील तर चाचणीसाठी न थांबता औषध सुरू, धाप, छातीत दुखणं, गुंगी असेल तर ताबडतोब दाखल करून चाचणी आणि उपचार एकदम. दाखल करण्याइतका आजार असेल तर ४८ तास उलटले तरी औषध देतात.

मोठ्या माणसाला ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस. एक वर्षावरच्या मुलांना वजनाप्रमाणे: १५ किलोपर्यंत ३० मिलिग्रॅम, २३ पर्यंत ४५, ४० पर्यंत ६०, सगळे दोनदा. मूत्रपिंडं अधू असतील तर मात्रा कमी करावी लागते, म्हणून डॉक्टरांना क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा, जुना रिपोर्ट दाखवावा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि उलटी होते; वरणभात खाऊन घेतली की बहुतेकांना सोसते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला तरी पाच दिवस पुरे करायचे. पूर्वी हे औषध विकायला वेगळा परवाना लागायचा आणि मोजक्याच दुकानांत ते मिळायचं. २०१७ मध्ये त्याची वर्गवारी बदलली आणि चिठ्ठीवर ते नेहमीच्या दुकानांत मिळू लागलं. म्हणजे अडचण आता दुकानाची नाही, ते वेळेत लिहून देण्याची आणि वेळेत मागायला जाण्याची आहे.

त्याऐवजी घेतलं काय जातं? अ‍ॅझिथ्रोमायसिन. ‘ते पाचशेचं, तीन दिवसांचं द्या’ असं काउंटरवर सांगितलं की पुष्कळदा मिळतंही. अँटिबायोटिक विषाणूवर काडीचंही काम करत नाही. मार्च २०२३ मध्ये एच३एन२च्या साथीत इंडियन मेडिकल असोसिएशनला स्वतःच्याच डॉक्टरांना हे जाहीर सांगावं लागलं होतं. दुसरा आपला आवडता आग्रह सलाईनचा. तोंडाने पाणी, पेज, ताक जात असेल आणि उलट्या होत नसतील तर सलाईनने खिसा हलका होतो, ताप नाही. तिसरं जास्त घातक: एका इंजेक्शनात ‘उभं’ करणारी स्टेरॉइडं. ताप उतरतो, माणसाला तरतरी येते, आणि तेवढ्या वेळात फुप्फुसात विषाणूला रान मोकळं मिळतं.

तापासाठी पॅरासिटामोल, मोठ्यांना ५०० किंवा ६५०, दोन गोळ्यांत किमान सहा तास. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामोल आधीच असतं. पाठीमागचं न वाचता दोन्ही घेतल्या की यकृतावर दुप्पट भार. सर्दीचं क्लोरफेनिरामाइन-फेनिलेफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या अखेरीला बजावलं आहे. मुलांना अ‍ॅस्पिरिनही नाही. विषाणूच्या तापात ते मेंदू आणि यकृत यांना इजा करू शकतं. पुण्यात आणखी एक पेच असा की हाच हंगाम डेंगीचाही. डेंगीत नाक सहसा गळत नाही, खोकला विशेष नसतो, डोळ्यांच्या मागे ठणकतं. पण पहिल्या दिवशी दोन्ही सारखेच वाटतात, म्हणून डेंगी नाही हे कळेपर्यंत आयबुप्रोफेनच्या वाटेला जाऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो. वाफारा घ्या, नाक मोकळं होतं. विषाणू मरत नाही, आणि उकळत्या भांड्यावर वाकलेलं मूल भाजून घेतं ते वेगळंच. काढा, हळदीचं दूध खुशाल.

लक्ष ठेवायचं ते कशावर, हे एकदा फ्रिजवर लिहून लावावं. धाप, दम लागून वाक्य तुटणं, ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा, थुंकीत रक्त, ओठ-नखं निळसर, माणूस गुंगीत किंवा असंबद्ध बोलतोय, मूल पाणीही घेत नाही किंवा सहा-आठ तास लघवी नाही. आणि एक फसवं लक्षण: तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप उतरून माणूस जेवायला लागतो, आणि मग पुन्हा थंडी वाजून ताप, दाट कफ. हा बहुधा न्यूमोनियाचा दुसरा घाला असतो, जिवाणूंचा, आणि तिथे मात्र अँटिबायोटिक लागतं. पहिल्या दिवशीच ते उधळून बसलेल्याचा यात काहीच फायदा झालेला नसतो. फ्लूनंतरच्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सुमारे सहापट असल्याचं कॅनडात दिसून आलं आहे. आजोबांच्या छातीतलं दुखणं ‘खोकून खोकून दुखतंय’ म्हणून सोडून देऊ नये.

संसर्ग थांबवायची सगळ्यात साधी रीत म्हणजे ताप असेल तर घरी बसणं, आणि तापाचं औषध न घेता २४ तास ताप नसेल तेव्हाच बाहेर पडणं. हे कळत नाही असं कुणी नसतं. वळत नाही, कारण न वळण्याची बक्षिसं आपणच लावून ठेवली आहेत. वार्षिक स्नेहसंमेलनात शंभर टक्के हजेरीचं प्रमाणपत्र ज्या मुलाला मिळतं, ते जुलैत सकाळी सिरप पिऊन वर्गात आलेलं असू शकतं. औषधाचा अंमल अकरा वाजता उतरतो, तोवर डब्याची सुट्टी झालेली असते. शाळांनी ही प्रमाणपत्रं बंद करावीत, निदान जून ते सप्टेंबर हजेरीतून वगळावेत. एका दिवसाच्या रजेला डॉक्टरांचा दाखला मागणाऱ्या कंपन्यांचंही तसंच. तो दाखला आणायला तापलेला माणूस दवाखान्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत तास-दीड तास बसतो. शेजारी लसीला आणलेलं बाळ असतं.

आणि रुमाल. आपला तो चौकोनी सुती रुमाल नाक पुसून खिशात जातो, दिवसभर ओलसर राहतो, त्यानेच घाम, त्यानेच हात, त्यानेच मुलाचं तोंड. शिंक दंडात द्यावी, रुमाल रोज दोन घ्यावेत, घरी साबणाने वीस सेकंद हात धुवावेत. आजारी माणसाने घरात मास्क लावून खिडकी उघडी ठेवली तर बाकीच्यांचा बचाव होतो. दुचाकीवरच्या स्कार्फने धूळ थांबते, विषाणू नाही.

घरी बसा म्हणणं सोपं आहे ज्यांची रजा पगारी आहे त्यांना. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशींना ताप आला की त्या येतात, कारण दोन खाड्यांचे पैसे कापले जातात. त्या तापात चार घरांतल्या भांड्यांना, चार घरांतल्या आजींना आणि लिफ्टच्या बटणांना हात लागतो. सोसायटीच्या सभेत पार्किंगवर दोन तास वाद होतो. पावसाळ्यात तापाचे तीन खाडे कापायचे नाहीत एवढा ठराव पाच मिनिटांचा आहे. मेमध्ये सोसायटी टाकी धुवायला माणूस बोलावते, त्याच आठवड्यात एखाद्या डॉक्टरांना बोलावून मावशी, वॉचमन आणि वरच्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना एकाच सकाळी लस टोचून घेता येते. लागतं काय, तर शीतपेटी, थर्मामीटर, खोक्यावरचं वर्ष वाचणारा एक माणूस, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसायला पार्किंगमधल्या चार-सहा खुर्च्या.